डांबर, मुरूम आणि काळी माती: सायक्लोक्रॉसचे टायर निवडताना आणि चालवताना

सायक्लोक्रॉसचा टायर दुकानात हातात घेतला की माणूस भुलतो. अंगाने सडपातळ, बारीक बारीक नॉबची, म्हणजे रबरी उंचवट्यांची, नक्षी, वजनाला हलका. वाटतं, डांबरही झालं आणि मातीही झाली, एका टायरात दोन्ही कामं. होतात, पण हा टायर मुळात कशासाठी बनला ते आधी कळायला हवं.

सायक्लोक्रॉस ही युरोपातली हिवाळ्याची शर्यत. फ्रान्समध्ये सुरू झाली, बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये फोफावली. पहिली जागतिक स्पर्धा १९५० साली पॅरिसला झाली. मोठ्यांची शर्यत साधारण तासाभराची असते. ओलं गवत, चिखल, वाळू, मध्येच अडथळे, तिथे उतरून सायकल खांद्यावर मारायची आणि पळायचं. सायकल चिखलाने भरली तर पिटमध्ये, म्हणजे सायकल बदलायच्या जागी, धुतलेली दुसरी तयार. या शर्यतींसाठी युसीआय या जागतिक सायकलिंग संघटनेने टायरची रुंदी ३३ मिमीपर्यंतच ठेवली आहे. म्हणजे ३३ हा आकडा नियमातून आलेला आहे, रस्त्यातून नाही. तुम्ही जर सिंहगडच्या पायथ्यापर्यंत डांबरावरून जाऊन पुढे कालव्याच्या कडेने, मुरमावरून आणि एखाद्या पाणंदीतून फिरणार असाल, तर तो नियम तुम्हाला लागू नाही. पिटमध्ये दुसरी सायकल घेऊन कुणी उभंही नाही.

म्हणून निवडीचा क्रम असा ठेवा: आधी रुंदी, मग हवा, मग टायरचं कापड, आणि सगळ्यात शेवटी नक्षी. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात. नॉब मोठे बघून टायर घेतात, त्यात ७० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा ठासतात आणि मग म्हणतात, मातीत घसरतो आणि रस्त्यावर पळत नाही.

माप आणि जागा

टायरच्या कडेला दोन तऱ्हांनी माप लिहिलेलं असतं: ७०० x ३५सी आणि ३५-६२२. दुसऱ्यावर भरवसा ठेवा. ३५ म्हणजे रुंदी मिमीमध्ये, ६२२ म्हणजे रिमवर टायरची कडा जिथे बसते तिथला व्यास. २९ इंची एमटीबीची, म्हणजे डोंगरी सायकलची, रिमही ६२२ चीच असते. ६५०बी किंवा साडेसत्तावीस म्हणजे ५८४.

इथे एक खास आपल्याकडचा सापळा आहे. दूधवाल्याच्या काळ्या सायकलचं २८ x १½ चाक ६३५ चं असतं, आणि युरोपातल्या टायरवर ७००सी लाही २८ इंचच छापतात. दुकानात ‘अठ्ठावीसचा टायर द्या’ म्हटलंत तर हातात ६३५ चा येऊ शकतो. तो ६२२ च्या रिमवर हातानेच सहज चढतो, त्यावरूनच शंका यायला हवी. हवा भरताच रिमवरून उडतो. तेव्हा इंचात बोलू नका, ६२२ मागा.

छापलेली रुंदी आणि खरी रुंदी एक नसते. रिम आतून १ मिमी रुंद झाली की टायर साधारण ०.४ मिमी जास्त फुगतो. त्यामुळे १७ मिमीच्या रिमवर ३५ भरणारा टायर २३ मिमीच्या रिमवर ३७ च्या वर जातो. शिवाय नवा टायर पहिल्या काही आठवड्यांत जरा पसरतोच. बसवून, हवा भरून, एक रात्र ठेवून मग मोजा.

फ्रेममध्ये किती जागा आहे ते बघायला ५ नंबरची ॲलन की पुरते. टायर आणि फ्रेममधल्या फटीतून ती न अडकता फिरली पाहिजे. चार ठिकाणी बघा: पुढच्या चिमट्याच्या (फोर्कच्या) माथ्याखाली, चिमट्याच्या दोन्ही पायांशी, पॅडलच्या मागे जिथे चेनस्टे, म्हणजे मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळ्या, जवळ येतात तिथे, आणि मागच्या ब्रेकजवळ. कोरड्या मुरमाला ५ मिमी चालतात. चिखलात जायचं तर ८ तरी हवेत. साध्या रोड बाइकच्या कॅलिपर ब्रेकखाली सहसा २८ च्या पुढे काही मावत नाही, त्यामुळे तिथे सायक्लोक्रॉस टायरचा विचारच सोडा. कँटिलिव्हर, व्ही-ब्रेक किंवा डिस्क असेल तर प्रश्न फक्त फ्रेमचा उरतो. लहान फ्रेम असेल तर पॅडल पुढे आडवं ठेवून हँडल वळवून बघा. जाड टायरमुळे बुटाचं टोक चाकाला लागत असेल तर हळू वेगात वळताना पडायला तेवढंच निमित्त पुरतं.

आमचं मत सरळ आहे. शर्यत खेळायची नसेल आणि फ्रेममध्ये ३८ किंवा ४० मावत असेल, तर ३३ घेऊ नका. मिश्र रस्त्यावर हवेचा जास्तीचा साठा जे देतो ते नक्षी देऊ शकत नाही. ३३ ते ३५ हा त्यांचा पर्याय, ज्यांची फ्रेम त्यापुढे जात नाही.

नक्षी

सोयीसाठी चार घरं धरा. फाइल ट्रेड: मधोमध कानशीसारखी बारीक जाळी, कडेला छोटे नॉब. सेमी-स्लिक: मधला पट्टा जवळपास गुळगुळीत, कडेचे नॉब ठसठशीत. मधल्या वर्गातला: मध्ये बाणासारखे ठेंगणे नॉब दाटीने बसवलेले. आणि चिखलाचा: उंच, विरळ नॉब, मध्ये माती गळून पडायला मोकळी जागा. व्हिटोरियाने टेरेनो मालिकेतल्या टायरना नावंच ड्राय, मिक्स आणि वेट अशी दिली होती. चॅलेंजचा ग्रिफो मधल्या वर्गातला, लिमस चिखलाचा.

आता गेल्या महिन्यातल्या फेऱ्या आठवा आणि डांबराचे किलोमीटर प्रामाणिकपणे मोजा. मनातले नाही, झालेले. दहातले सात किलोमीटर डांबर असेल तर फाइल ट्रेड किंवा सेमी-स्लिक. अर्धं-अर्धं असेल तर मधला वर्ग. चिखलाचा टायर मिश्र वापराला जवळपास कुणालाच लागत नाही. डांबरावर तो घोंघावतो, जड चालतो आणि मागच्या चाकाचे मधले नॉब काही महिन्यांत घासून जातात.

सेमी-स्लिकचा एक स्वभाव ओळखून ठेवा. वळणात सायकल कलवली की आधी गुळगुळीत मधला भाग, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग एकदम कडेचे नॉब जमिनीला लागतात. सुट्या मुरमावर तो मधला क्षण दगा देतो. फाइल ट्रेडमध्ये हा बदल सौम्य असतो, म्हणून नवख्याला तोच बरा.

दुकानातली एक चाचणी करा. कडेचा नॉब अंगठ्याच्या नखाने आडवा दाबा. उंच आणि मऊ नॉब सहज कलंडत असेल तर डांबरी घाटाच्या वळणावरही तो तसाच कलंडणार आणि सायकल पोहल्यासारखी वाटणार. दोन मिमीच्या आसपासची उंची दोन्हीकडे निभावते.

पुढे आणि मागे एकच टायर हवा असं नाही. मागचं चाक घसरलं तर बहुतेक वेळा सावरता येतं, पुढचं घसरलं तर थेट जमीन. म्हणून पुढे जास्त नक्षीचा, मागे जलद पळणारा. पुढे मधल्या वर्गातला ३५ आणि मागे फाइल ट्रेड ३५, ही जोडी सह्याद्रीच्या पायथ्याच्या भटकंतीला उत्तम.

पावसाळ्यात ओल्या डांबरासाठी नॉब लागतात हा गैरसमज आहे. सायकलचा टायर इतका अरुंद असतो की नेहमीच्या वेगात तो पाण्यावर तरंगत नाही. ओल्या डांबरावर पकड देतं मऊ रबर आणि बेताची हवा. शेवाळलेल्या दगडावर तर कुठलीच नक्षी उपयोगाची नाही.

कापड आणि कडा

टायरच्या आतल्या कापडाची वीण टीपीआयमध्ये, म्हणजे एका इंचात किती धागे, अशी सांगतात. १२० टीपीआयचं कापड लवचिक, खड्ड्यावर मऊ. ६० चं जाडजूड, पण कडेचे काप जास्त सोसणारं. दख्खनची खडी म्हणजे फोडलेला बसाल्ट, धारदार. त्या खडीवर बरंच फिरणार असाल तर ६० टीपीआय किंवा कडेला वेगळा संरक्षक थर असलेला टायर घ्या. थोडा जड चालेल, पण कडेला दोन सेंटिमीटरचा काप घेऊन उन्हात बसण्यापेक्षा परवडलं. घडी होणारा टायर तारेच्या कडेच्या टायरपेक्षा हलका असतो, टिकाऊपणात मात्र त्याने फार फरक पडत नाही. रिमला गोंदाने चिकटवायचे ट्युब्युलर शर्यतवाल्यांना लखलाभ.

हवा

सगळी मेख इथे आहे. टायरवर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते, सल्ला नव्हे. फ्रँक बर्टो या अमेरिकी अभ्यासकाने मांडलेला ठोकताळा आजही धरायला चांगला: तुम्ही बसल्यावर टायरची उंची साधारण १५ टक्क्यांनी दबली पाहिजे. ३५ मिमीच्या टायरला म्हणजे जेमतेम ५ मिमी. भिंतीला टेकून सायकलवर बसा आणि दुसऱ्याला कडेने बघायला सांगा.

आकड्यात सांगायचं तर ३५ मिमी, आत ट्यूब, आणि स्वार, सायकल, पाणी, पिशवी सगळं धरून एकूण ८५ किलो वजन असेल, तर मिश्र रस्त्याला पुढे ३८ आणि मागे ४५ पीएसआयपासून सुरुवात करा. एकूण ७० किलो असेल तर पुढे ३२, मागे ३८. १०० किलो असेल तर ४५ आणि ५२. टायर ३३ चा असेल तर ४ वाढवा, ४० चा असेल तर ६ कमी करा. ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूबच नसलेला, असेल तर आणखी ५ ते ८ उतरता येतं. मागे जास्त लागते कारण मागच्या चाकावर जास्त भार येतो. दोन्ही चाकांत सारखी हवा म्हणजे एका चाकात नक्की चुकीची. रिम हुकलेस, म्हणजे टायरची कडा अडकवायला आत वळलेली धार नसलेली, असेल तर ७२ पीएसआयची, म्हणजे ५ बारची, मर्यादा ओलांडायची नाही. टायरवर किंवा रिमवर त्याहून कमी आकडा असेल तर तो पाळायचा.

हे आकडे सुरुवातीचे. तुमचा आकडा शोधायला दोन किलोमीटरची एक फेरी निवडा, अर्धी डांबराची, अर्धी मुरमाची. वरच्या आकड्यापेक्षा ८ ने जास्त हवा भरून पहिली फेरी मारा. दर फेरीला ३ पीएसआय सोडा. एका टप्प्यावर मुरमावरचं हाताला बसणारं टणटण थांबतं आणि चाक जमिनीला चिकटून चालायला लागतं. त्यानंतर कधीतरी दगडावर रिमचा ‘ठक्’ आवाज येतो. त्या आकड्यात ३ मिळवा, तो तुमचा. कागदी टेपच्या तुकड्यावर लिहून फ्रेमच्या आडव्या नळीखाली चिकटवा.

ट्यूब असताना हवा फार उतरवली तर दगडाची धार आणि रिमच्या दोन कडा यांच्यात ट्यूब चिमटते. ट्यूबवर शेजारी शेजारी दोन चिरा दिसल्या, ज्याला सायकलवाले स्नेक बाइट म्हणतात, तर काटा शोधत बसू नका. दोष हवेचा आहे.

मोठ्या पंपाचं गेज १६० पीएसआयपर्यंतचं असतं, ४० च्या आसपास ते फारसं खरं बोलत नाही. कमी दाबाचं वेगळं गेज घ्या, नाहीतर निदान नेहमी एकच पंप वापरा, म्हणजे चूक तरी तीच राहील. पिशवीतला छोटा पंप घरीच पारखून घ्या: रिकाम्या चाकात १०० झटके मारा आणि गेज लावा. रस्त्यात मग झटके मोजून हवा भरता येते.

पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरपासून जपा. तो ट्रक-मोटरसायकलसाठी असतो, सायकलचा टायर दोन-तीन सेकंदांत भरून फाटतो. प्रेस्टा, म्हणजे बारीक तोंडाच्या, व्हॉल्व्हवर चढवायचा पितळी अडॅप्टर जवळ ठेवा आणि त्याच्याकडे हातपंप असेल तर तोच मागा. आणि उन्हाचं लक्षात असू द्या: घरात २५ अंशाला ५० पीएसआय भरलेला टायर उभ्या उन्हात ५० अंशांपर्यंत तापला तर आतली हवा ५५ च्या पुढे जाते. मे महिन्यात सकाळी निघताना ३ कमीच ठेवलेले बरे.

काटे

युरोपातल्या टायरवाल्यांनी टायर बनवताना सराटा मनात धरलेला नसावा. पावसाळ्यात ही वेल जमिनीलगत पसरते, पिवळी फुलं येतात, आणि दसरा-दिवाळीपर्यंत फळं वाळून त्यांचे पाच पाच तुकडे होतात. तुकडा कसाही पडला तरी एक काटा आभाळाकडे. गोखरू म्हणतात ते हेच. हे वाढतं नेमकं साइडपट्टीवर आणि कालव्याच्या भरावावर. ऑक्टोबरपासून उन्हाळ्यापर्यंत साइडपट्टीवर उगाच उतरू नका, आणि मागून गाडी आल्यामुळे उतरावंच लागलं तर पुन्हा डांबरावर आल्यावर थांबून दोन्ही चाकं बघा.

दुसरा शत्रू बाभळीचा काटा. शेताच्या कुपाटीला लावलेल्या फांद्या पाणंदीत पडलेल्या असतात. याचं टोक टायरच्या आत मोडून राहतं आणि बाहेरून दिसत नाही. नवी ट्यूब घातली की पाच मिनिटांत पुन्हा फुस्स. म्हणून पंक्चर काढताना टायरच्या आतून कापसाचा बोळा दोन्ही दिशांनी फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे टोक आहे. बोटाने चाचपू नका, रक्त निघतं. महामार्गावर तिसरा प्रकार: फुटलेल्या ट्रक टायरमधली केसासारखी बारीक तार. त्याने हवा रात्रभर हळूहळू जाते. ती काढायला भुवयांचा प्लकर पिशवीत ठेवा.

आत ट्यूब असेल आणि काटा रुतलेला दिसला, हवा टिकून असेल, तर तो उपटू नका. घरापर्यंत पोचाल. ट्यूबलेस असेल तर उलट: काटा काढा, लगेच चाक फिरवून भोक खाली आणा, म्हणजे सीलंट (भोक बुजवायला टायरमध्ये घातलेलं पातळ रसायन) तिथे जमतं. पंधरा-वीस सेकंद थांबा, मग निघा.

ट्यूबलेसचा खर्च काट्यांच्या मुलखात वसूल होतो असं आमचं मत आहे, पण टायर आणि रिम दोन्ही त्यासाठी बनलेले असले पाहिजेत. ३५ मिमीला दर चाकात ६० मिलि सीलंट घाला. थंड देशांसाठी डब्यावर लिहिलेली मुदत इथे धरू नका. मार्च ते मे दर सहा आठवड्यांनी व्हॉल्व्हचा गाभा काढून आत काडी घालून बघा. ओली आली नाही तर ३० मिलि भरा. चार-पाच मिमीपेक्षा मोठं भोक सीलंटने बुजत नाही, त्याला रबराची वात खुपसावी लागते. ट्यूबलेस असूनही एक सुटी ट्यूब जवळ हवीच.

ट्यूबलेस नको असेल तर व्हॉल्व्हचा गाभा निघणारी ट्यूब घ्या आणि तिच्यात ५० मिलि सीलंट भरा. सराट्याला एवढं पुरतं.

बसवणं

रिम टेप आधी बघा. स्पोकच्या भोकावरून सरकलेली टेप असेल तर ट्यूब आतल्या बाजूने फाटते आणि माणूस टायरला दोष देतो. ट्यूबलेसची टेप रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा २ ते ४ मिमी जास्त रुंद, ताणून, व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूपासून सुरू करून पुन्हा तिथे १० सेंटिमीटर चढवायची.

टायरवर बाण असतो, त्या दिशेने चाक पुढे फिरलं पाहिजे. टायरचं नाव व्हॉल्व्हच्या रेषेत ठेवा. ही हौस नव्हे: ट्यूबमध्ये भोक सापडलं की टायरवर ती जागा ताबडतोब मिळते. एक कडा चढवा. ट्यूबला तोंडाने फुंकून गोल होण्यापुरती हवा द्या, वर टाल्कम पावडर चोळा आणि आत ठेवा. दुसरी कडा व्हॉल्व्हच्या विरुद्ध बाजूने चढवत व्हॉल्व्हपाशी संपवा. शेवटचा भाग येईना झाला की लिव्हर घेऊ नका. विरुद्ध बाजूची कडा दोन्ही हातांनी चिमटत रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलत या, सैल पडते. मग अंगठ्यांनी लोटा. व्हॉल्व्ह एकदा आत दाबून सोडा, म्हणजे कडेखाली ट्यूब अडकलेली असेल तर सुटते.

२० पीएसआय भरून थांबा. टायरच्या कडेला रिमलगत एक बारीक उठावदार रेघ असते. चाक फिरवताना ती सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. कुठे रिममध्ये बुडाली असेल तर हवा सोडा, तेवढ्या भागाला साबणाचं पाणी लावा आणि पुन्हा भरा. ट्यूबलेसमध्ये व्हॉल्व्हचा गाभा काढून झटक्यात हवा मारावी लागते. कडा ‘टक् टक्’ करत बसतात. मग हवा सोडून सिरिंजने सीलंट घाला, गाभा लावा, पुन्हा भरा आणि चाक आडवं धरून दोन्ही बाजूंनी घोळवा.

चालवणं

डांबरावर नॉबच्या टायरला वळणात झटका देऊ नका. सायकल हळूहळू कलती करा, बाहेरचं पॅडल खाली, त्यावर भार. पहिले दोन-चार किलोमीटर नव्या टायरवर बेतानेच काढा.

पक्क्या मुरमावर सुटे खडे पसरलेले असतात तिथे पकड नाही, फक्त दिशा आहे. ब्रेक वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना मारून संपवा. वळणात पुढच्या ब्रेकवरचं बोट सैल. चढावर उभं राहून पॅडल मारलं की मागचं चाक भुर्रकन फिरतं. बसून राहा, सीटवर थोडे पुढे सरका, कोपरं खाली, हलका गिअर, पाय गोल फिरवत.

गाड्यांच्या चाकोरीत शिरलात तर चाकोरीतच राहा आणि नजर आठ-दहा मीटर पुढे ठेवा. चाकाकडे बघितलं की चाक कडेला घासतंच. बाहेर पडायचं असेल तर पुढचं चाक हलकं उचलून तिरकं टाका. साइडपट्टीवरून डांबरावर चढतानाही हेच. तिथली पाच-दहा सेंटिमीटरची पायरी समांतर घासत चढायला गेलात तर पुढचं चाक तिला घासून अडकतं आणि माणूस रस्त्याच्या मध्ये, गाड्यांच्या समोर पडतो. वेग कमी करा, मागे बघा, थोडे लांब जाऊन मोठ्या कोनात चढा.

ओढ्याच्या वाळूत शिरण्याआधी एक गिअर जड करा, भार मागे, हात सैल, पॅडल थांबवायचं नाही आणि हँडल वळवायचं नाही. पावसाळ्यात ओढ्यावरच्या फरशीवर पाणी पातळ दिसतं, खाली शेवाळ असतं. उतरून चाला. पाणी जोरात वाहत असेल तर चालूही नका, परत फिरा. कोकणातल्या जांभ्याच्या सड्यावर कोरड्यात पकड झकास असते, पण श्रावणात तोच दगड साबणासारखा होतो.

काळी माती

मराठवाडा, सोलापूर, विदर्भ, आणि पुणे-नगरकडचा पूर्वेचा पट्टा इथे पावसाळ्यात वेगळंच गणित. काळ्या मातीतला चिकण भाग पाणी पिऊन फुगतो आणि स्वतःलाच चिकटतो. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला थरावर थर. वीस-तीस मीटरमध्ये चिमटा आणि टायर यांच्यातली फट भरते आणि चाक थांबतं. चिखलाचा टायर इथे थोडा वेळ जास्त चालतो, इतकंच. वरून सुकलेली पापुद्र्यासारखी माती फसवते. बुटाच्या टाचेने दाबून बघा, खाली ओलं आणि काळं निघालं तर सायकल घालू नका. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी हीच गत असू शकते. अशा भागात मडगार्ड काढूनच निघा, आधी तेच भरतं.

चाक अडकल्यावर जोर लावून पॅडल मारू नका. मागच्या डिरेलरचा, म्हणजे गिअर बदलणाऱ्या यंत्राचा, हँगर मोडतो आणि मग ढकलायलाही सायकल उरत नाही. ढकलूही नका, ढकलताना तेवढीच माती चढते. डाव्या बाजूला उभे राहा, म्हणजे चेन तुमच्यापासून लांब राहते. सायकल उचलून फ्रेमच्या त्रिकोणात उजवा खांदा घाला आणि उजवा हात खालच्या नळीखालून पुढे नेऊन हँडल धरा. बेल्जियमचे शर्यतवाले पायऱ्या अशाच चढतात. पाणंदीचं गवत लागेपर्यंत असंच न्या.

गवतावर आल्यावर काडीने चिमट्याची आणि ब्रेकजवळची माती खरवडा. बाटलीतलं पाणी थोडंच असेल तर टायरवर वाया घालवू नका, चेन आणि ब्रेकवर टाका. रिम ब्रेक असेल तर पॅडमध्ये बसलेले खडे टाचणीने काढा, नाहीतर घाट उतरताना ते रिम तासतात. घरी पोचल्यावर वाळायच्या आत धुवा. वाळलेली काळी माती वीट होते.

झीज

मागचा टायर पुढच्यापेक्षा कितीतरी लवकर झिजतो. मधले नॉब सपाट होऊन मागचा टायर गोटा झाला की नवा आणून मागे घालू नका. पुढचा काढून मागे टाका आणि नवा पुढे बसवा. चांगली पकड नेहमी पुढे हवी.

महिन्यातून एकदा हवा सोडून टायर हाताने पिळून बघा. कडेच्या नॉबच्या मुळाशी भेगा असतील तर वळणावर ते उपटले जातील. रबरातला उथळ काप साफ करून सुपरग्लूने बुजवता येतो. कापडाचे धागे दिसायला लागले, किंवा एखाद्या जागी टायर फोडासारखा फुगला, तर त्याच दिवशी काढा.

काढलेला टायर भंगारात देण्याआधी त्याच्या न झिजलेल्या कडेचा पाच सेंटिमीटर लांब तुकडा कापून घ्या, कात्रीने काठ पातळ करा आणि सीटखालच्या पिशवीत टाका. रस्त्यात कडेला मोठा काप गेला तर ट्यूब आणि टायरच्या मध्ये तो आतून लावायचा आणि ३० पीएसआयवर, बसूनच, हळू घरी यायचं.